बोकड न कापता लढलेली लढाई

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी युद्ध करायला लागले. ग्रीक लोकांचं, भाल्याढालींचं, दोन हजार वर्षांहून जुनं युद्ध, आणि तेही सिंदी मेघेतल्या आमच्या समोरच्या खोलीत, दुपारी एक ते तीन. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज साठीच्या उंबऱ्यावरही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी मला समजावून सांगायला येऊ नये. समजावणारे मी पुष्कळ पाहिलेत.

त्या वर्षी मुलगा इंजिनीअरिंगसाठी नागपूरला गेला. हॉस्टेलमध्ये एका खोलीत चौघं आणि वर चोऱ्या, म्हणून त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. जाताना त्याने मला तीन गोष्टी शिकवल्या: चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, आणि पाहुण्यांच्या पोरांना हात कसा लावू द्यायचा नाही. चौथी गोष्ट माझी मी शोधली. टेबलाच्या खणात एक सीडी होती, सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेली. तिच्यावर स्केचपेनने नुसतं 'ग्रीक' असं लिहिलं होतं. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं होतं, आणि दुसऱ्या वर्षाच्या इतिहासात ग्रीक होते. ते पुस्तक वडनेरला माहेरी राहून गेलं होतं. म्हटलं, बघू तर खरं पुढे काय झालं त्यांचं.

ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीला तुमच्याकडे चार-पाच माणसं, एक चौक आणि थोडं धान्य असतं. माणसांना कामाला लावायचं. कुणी लाकूड तोडायचं, कुणी सोन्याची खाण खणायची, कुणी अन्न गोळा करायचं. अन्न साठलं की आणखी माणसं, मग घरं, मग शेतं, मग सैन्य. तिकडे नकाशाच्या अंधाऱ्या भागात शत्रूही हेच करत असतो. तो लवकर तयार झाला तर येऊन तुमचं गाव जाळतो, तुम्ही लवकर तयार झालात तर तुम्ही त्याचं जाळता. बस. आमच्या बाजारातल्या दुकानदारीहून फार वेगळं नाही, फक्त इथे जाळणं खरंखुरं दिसतं.

इंग्रजी सूचना मी मुलाची डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचल्या. आठ-दहा दिवसांत कळलं की सुरुवातीचं अन्न मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बकऱ्या. चौकाजवळ त्या मोकळ्या चरत असतात. एका बाईला बकरीकडे पाठवायचं, ती सुरा काढते, खसकन् आवाज येतो, आणि वरच्या कोपऱ्यातला अन्नाचा आकडा भरभर चढायला लागतो.

तो खसकन् आवाज आत्याबाईंनी ऐकला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. दुपारी त्या त्याच खोलीत दिवाणावर आडव्या व्हायच्या.

"काय करून राह्यली व ते?"

"खेळ आहे, आत्याबाई."

"त्या बाईनं बकरी मारली काय?"

"हो. खायला."

त्या उठून बसल्या. "आपल्या घरात?"

"अहो, चित्र आहे ते."

"चित्र असो नाईतर फोटो असो. तुया मशीनमागच्या भिंतीपल्याड मायं देवघर हाये. या घरात बकरी कापायची नाई म्हंजे नाई."

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. सासऱ्यांनी ऐन तारुण्यात गुरूचा उपदेश घेतला आणि या घरातून मांस-मासा कायमचा गेला. माझं माहेर शेतकऱ्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वडनेरच्या आमच्या अंगणात मोठ्या गंजात रस्सा रटरटायचा आणि त्याच्या वासाने मी अभ्यास सोडून यायचे. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मला एवढंच विचारलं होतं, "सोडशील ना व?" मी हो म्हटलं. वीस वर्षं पाळलं. माहेरी गेले तरी वरण-भात खाऊन आले. आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्या हुकमावरून एक बोकड कापला गेला, तोही निळ्या झग्यातल्या एका परदेशी बाईच्या हातून, तर तोही पकडला गेला.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, डोक्यात सणक गेली. दोन दिवस मशीनवरचं कापड काढलं नाही. ताटात वाढताना पळी आपटली. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ दे ना, दुसरा एखादा खेळ खेळ." आमच्या ह्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर 'जाऊ दे ना' हे एकच औषध असतं. तिसऱ्या दिवशी मी कापड काढलं, आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाही ना कापायची? नाही कापत. आता बघतेच," आणि डाव लावला.

बकरी नाही म्हटल्यावर हरणंही गेली, रानडुकरंही गेली. उरली झुडपांवरची बोरंबिरं आणि शेती. शेती करायला आधी लाकूड लागतं, लाकडाला माणसं लागतात, माणसांना अन्न लागतं, आणि अन्न तर बकरीच्या पोटात. तोवर शत्रूचे घोडेस्वार दारात. मी हरले. दुसऱ्या दिवशी हरले. श्रावणभर हरले, भादव्यात हरले. बकऱ्या मात्र सगळ्या जिवंत. मी त्यांना हाकून घरांच्या मागे नेऊन ठेवायचे. तिथे त्या खाऊन-पिऊन टम्म फुगायच्या आणि गाव जळत असताना शांतपणे उभ्या असायच्या. आत्याबाईंना लढाईत काही रस नव्हता. डाव संपला की त्या दिवाणावरूनच विचारायच्या, "बकऱ्या पुऱ्या हायेत ना?"

हरण्याचं एक कारण बकऱ्या, पण दुसरं कारण मी स्वतः. वाव्हरात, शेतात वाढलेलं माणूस शेत कसं टाकतं? दोन शेतांच्या मध्ये धुरा, म्हणजे बांधाची वाट, सोडून. धुरा नाही सोडला तर भावाभावांत डोकी फुटतात हे आमच्याकडे पोरालाही कळतं. मी पडद्यावर शेतं टाकली तीही धुरा सोडून, बैलगाडी जाईल एवढी. तिथे ना भाऊ, ना बैलगाडी. त्या धुऱ्यांवरून शत्रूचे घोडे सरळ माझ्या चौकापर्यंत यायचे. आठवडेच्या आठवडे मी त्यांच्यासाठी रस्ते बांधून ठेवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कळलं तेव्हा मी एकटीच इतकी हसले की आत्याबाई म्हणाल्या, बाहेरचं लागलं वाटते हिला.

पण माहेरच्या ज्या शेतीने मला बुडवलं तिनेच मला हात दिला. आमच्या वाव्हरात रोही यायचे, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं. वडील बाभळीच्या काट्यांचं कुंपण करायचे, पण पूर्ण बंद करायचे नाहीत. एका जागी दोन हात वाट मोकळी सोडायचे. मी लहानपणी विचारलं होतं, ही काऊन उघडी ठेवली? ते म्हणाले, "पुरं बंद केलं तं जनावर कुठूनबी फोडते. एक वाट ठेवली तं तिथूनच येते. मंग आपल्याले माहीत राह्यते कुठं बसायचं."

मी डोंगर आणि नदीच्या मध्ये दगडी भिंत घातली आणि मधोमध एक फट ठेवली. फटीच्या आत अर्धगोल करून भालेवाले उभे केले, खांद्याला खांदा, ढालीला ढाल. सैन्य थोडंच. बोरांवर जगलेलं. शत्रू आला, भिंतीशी थबकला, आणि वडिलांच्या रोह्यासारखा सरळ फटीत शिरला. एक शिरला, मेला. दुसरा शिरला, मेला. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा जिंकले. एकही बकरी न कापता. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, असं कुणीच खेळत नाही." मी म्हटलं, "मग आता एकजण खेळते."

ते दोन तास माझ्यासाठी काय होते ते सांगते, कारण पुढे सगळं त्यावरूनच पेटलं. मी काही दुःखी बाई नव्हते. घर चांगलं, माणसं चांगली. पण वीस वर्षांत असा एक निर्णय आठवत नाही जो मी घेतला आणि चुकला तर माझाच चुकला. भाजी कोणती, ते आत्याबाई सांगायच्या. लग्नाच्या आहेरात काय, ते नवरा आणि दीर ठरवायचे. मुलगा कुठल्या कॉलेजात, ते मुलगाच. चूक झाली तरी माझी नसायची, कारण मुळात मला कुणी विचारलेलंच नसायचं. इथे भिंत कुठे घालायची ते मी ठरवायचे. पडली तर माझी भिंत पडली. मला ते फार आवडायचं. लोडशेडिंगमुळे तीन वाजता लाईट जायची ती सहालाच यायची, म्हणून एक वाजायच्या आत मी झाडझूड, भांडी, सगळं उरकून बसायचे. कुणाचं एक काम अडवलं नाही. तरीही ते लोकांच्या डोळ्यांवर आलंच.

लोक म्हणजे माझे दीर. बाजारात आमचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान, दोघा भावांचं. दीर दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि रविवारी आईला भेटायला सिंदी मेघेला यायचे. एका रविवारी चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "वहिनी, मशीन दुकानात पाह्यजे आता. बाजूवाल्यानं आणली. त्याचं बिल छापून निघते, अन् आम्ही बसलो कार्बन घालत."

"मग आणा ना एक," मी म्हटलं.

"घरात एक हाये ना! इथं काय होऊन राह्यलं तिचं? तुम्ही गोट्या खेळून राह्यल्या तिच्यावर."

"गोट्या नाही, भाऊजी. लढाई."

सगळे हसले. नवराही हसले. मग माझा पुतण्या, दिरांचा मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, तो म्हणाला, "पप्पा, मोठीआई खरंच भारी खेळते. फक्त शाकाहारी खेळते." तो सायबर कॅफेत बसून तोच खेळ खेळायचा आणि कधीमधी येऊन माझा डाव बघून जायचा. पोरगा मनाने चांगला. तो मला वाचवायलाच बोलला होता, पण दिरांना त्यात नामी युक्ती सापडली.

"मंग असं करू," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी या पोट्ट्यासंग खेळा. जिंकल्या तं मशीन तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाई. हरल्या तं सोमवारी दुकानात."

"अन् लाईट गेली तं?" पुतण्याने विचारलं. "तीनले जाते ना."

"तं बरोबरी. राहू द्या मंग इथंच."

नवरा म्हणाले, बरोबर आहे. आत्याबाई म्हणाल्या, एकदाचा निकाल लागू द्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी कपबशा उचलत होते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि आमच्याकडे बाई गप्प राहिली की ते हो धरतात.

आठवडाभर मी सराव केला. भाजी करपली एकदा, ते कबूल करते.

रविवारी पुतण्या मित्राचं मशीन ऑटोत घालून घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर ते ठेवलं, निळ्या वायरने दोन्ही जोडली. आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो, त्याचा पडदा मला दिसत नव्हता, माझा त्याला. आत्याबाई दिवाणावर, माझा पडदा सरळ दिसेल अशा. नवरा माझ्या मागे खुर्ची टाकून, दीर मुलाच्या मागे. एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. तीनपर्यंत टिकले तरी मशीन घरी राहणार होतं.

पुतण्याने सुरुवातीलाच बकऱ्या कापल्या, हरणं मारली. तेच करणार होता तो, तीच रीत आहे. दोन वाजायच्या आत त्याचे घोडेस्वार माझ्या भिंतीशी. माझ्याकडे तेव्हा सात भालेवाले, बोरांवर वाढलेले, आणि घरांमागे अकरा बकऱ्या. यावेळी शेतं एकमेकांना चिकटवून टाकली होती, धुरा नाही. घोडे आले, थांबले, फटीत शिरले. भाले खाली झाले.

"अरे काय करून राह्यला!" दीर मुलावर ओरडले. "बाजूनं जा ना!"

"बाजूनं वाटच नाई, पप्पा."

दुसरी टोळी आली. तीही गेली. तिसऱ्या वेळी माझे तीन पडले, त्यांच्या जागी मी तीन नवे उभे केले. नवऱ्याने खुर्ची माझ्या जवळ ओढली. "उजवीकडे एक आला बघ," असं ते हळूच म्हणाले, आणि मला कळलं की ते पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघत आहेत. मला त्यांचा रागही आला आणि बरंही वाटलं.

सव्वादोनला त्याने डोकं चालवलं. जनावराने चालवलं नसतं. त्याने दगड फेकणारी यंत्रं आणली आणि फट सोडून नदीकडची भिंत फोडायला घेतली. भिंत ढासळली. तिथून त्याची माणसं माझ्या शेतांत घुसली. शेतं गेली, अन्न थांबलं. माझ्याकडे लाकूड होतं, सोनं होतं, फक्त अन्न नव्हतं. आठ भालेवाले मिळाले असते तर मी ते भगदाड तीनपर्यंत दाबून धरलं असतं. हिशेब पडद्यावर सरळ होता. आठ माणसांचं अन्न घरांमागे उभं होतं, अकरा पायांवर नव्हे, चव्वेचाळीस पायांवर, आणि टम्म फुगलेलं.

पुतण्या पलीकडून म्हणाला, "मोठीआई, बकऱ्या काप ना. मले दिसून राह्यल्या तुया. अकरा हायेत. कापल्या तं टिकशील." सांगितलं ना, पोरगा मनाने चांगला.

"कापून टाक," नवरा म्हणाले. "चाळीस मिनिटंच तर काढायची आहेत."

मी हात थांबवला. दिवाणाकडे पाहिलं नाही, पण तिथून आवाज आला.

"काप व सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या. "चित्रच तं हाये."

पाच महिने. पाच महिने मी गाव जळताना पाहिलं होतं, रोज, आणि या रोज बकऱ्या विचारत होत्या. मी मान वळवली. त्या घरात मी आत्याबाईंशी नेहमी ठेवणीतलं, पुस्तकी बोलायचे, पण त्या क्षणी माझ्या तोंडून वडनेर निघालं.

"नाई, आत्याबाई."

"काऊन?"

"मी एकटी खेळत होती तवा ते पाप होतं. आता घराच्या इज्जतीवर आलं तं चित्र झालं काय? माया डावाले सोवळं, अन् तुमच्या पोराईच्या पैजेले सूट?"

दीर म्हणाले, "वहिनी, आईशी कशा बोलून राह्यल्या तुम्ही?" आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या.

रागाने नाही कापल्या असं कुणी म्हणेल, तर अर्धं खरं आहे. पण अर्धंच. बंदी त्यांची होती, मान्य. पण त्या बंदीत अडकून जी लढाई मी शिकले, ती भिंत, ती फट, बोरांवर जगणारं ते सैन्य, ते सगळं माझं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. दुसरं कुणी तसं खेळतही नव्हतं. आता तीनपर्यंत टिकण्यासाठी मी सुरा काढला असता, तर मशीन राहिलं असतं आणि ती लढाई गेली असती. मग दुसऱ्या दिवशी एक वाजता मी तिथे बसून काय खेळले असते? सगळे खेळतात तेच. कुणाच्या तरी परवानगीने. मला नको होतं ते.

मग मी उरलेल्या चार भालेवाल्यांना चौकाच्या दारात उभं केलं आणि लढले. कामकरी बायकांनाही लढायला लावलं, लाकूडतोड्या कुऱ्हाडी घेऊन आले. नवरा "अगं, अगं" करत होते. दोन वाजून अडतीस मिनिटांनी चौक पडला. पडदा थिजला आणि त्यावर पराभवाचा शब्द आला. त्या शब्दाचा अर्थ मला डिक्शनरीत बघावा लागत नव्हता, पाच महिन्यांत तो पाठ झाला होता.

पुतण्या जिंकला होता, पण ओरडला नाही. दीर उठले, हात झटकले.

"चला, झालं. काढ रे वायरी. उद्या ऑटो पाठवतो."

मी खुर्चीवरून उठले नाही.

"वहिनी, उठा ना. पोट्ट्याले वायरी काढू द्या."

"काऊन उठू?"

"हरल्या ना तुम्ही."

"हरली. मंग?"

दीर हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते. "मंग काय मंग? ठरलं होतं ना."

"तुमचं ठरलं होतं. मले कोणी विचारलं? मी हो म्हटलेलं ऐकलं काय कोणी?" मी पुतण्याकडे वळले. "तू ऐकलं काय रे?"

तो काढलेली निळी वायर हातात धरून उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं, आणि तरीही खरं ते बोलला. "नाई, मोठीआई."

मी दिरांकडे वळले. "भाऊजी, दुकान बंद करून तुम्ही गोदामात पत्ते कुटता. वीस वर्षं झाली, मी या घरात आली तवापासून पाहून राह्यली. किती डाव हरले? एकदा तरी कोणी म्हटलं काय, का बापा हरला, आता पत्ते टाक चुलीत? गडी हरला तं पुन्हा पिसते. बाई हरली तं तिनं उठाचं, असं काऊन? मी जिंकण्यासाठी नाई बसत इथं. मी खेळाले बसते. हरीन. उद्याबी हरीन. पण खुर्ची माई हाये, अन् हरणंबी मायंच हाये. ते तुमच्या दुकानात नेता येत नाई."

एवढं लांब मी त्या घरात कधी बोलले नव्हते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दिरांचं तोंड लाल झालं. ते नवऱ्याकडे वळले.

"दादा, तू सांग ना वहिनीले."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता येणार, 'जाऊ दे ना' येणार. आलं असतं तर काय केलं असतं, मला आजही माहीत नाही. ते थोडा वेळ थिजलेल्या पडद्याकडे बघत राहिले, माझ्या पडलेल्या चौकाकडे.

"मी काय सांगू," ते म्हणाले. "ती हरली. तिचं ती पाहील."

दीर चप्पल घालून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. आत्याबाईंनी त्यांना थांब म्हटलं नाही. मी मांडीखालचे हात काढले आणि पुतण्याला म्हटलं, "बस. लाईट जायले अजून पंधरा मिनिटं हायेत."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं, आणि वायर परत खोचली.